गुडघ्याची एक, कंबरेची एक

आज ऑफिसमध्ये मान धरली होती म्हणून चोळत बसले होते, तर शेजारच्या टेबलावरून एक गोळी सरकत आली. "घे गं, अर्ध्या तासात मोकळी होशील. मी तर रोज घेते." रोज घेते! आणि हे सांगताना चेहरा असा की जणू पहाटे उठून रोज पाच किलोमीटर पळते. मी काही बोलले नाही, गोळी पर्समध्ये टाकली आणि दिवसभर डोकं भणभणत राहिलं. म्हणून आता लिहितेय, लांबणार आहे, कंटाळा येईल त्यांनी खुशाल पुढे सरका.

माझी आई. गुडघे आणि कंबर दोन्हीची तक्रार. तिचा एक पत्र्याचा डबा होता, त्यात कात्रीने एकेक सुटी कापून ठेवलेल्या गोळ्या, त्यामुळे पाकिटावरची नावंही कापली जायची. एकीवर नुसतं 'डायक्लो', दुसरीवर नुसतं 'फेनॅक'. एक गुडघ्याची, एक कंबरेची, असा बाईंचा हिशोब. कंपन्या वेगळ्या, रंग वेगळे, आणि औषध तेच, दुखणं-सूज दाबणारं डायक्लोफेनॅक! 50 मिलिग्रॅमच्या दिवसाला चार, म्हणजे 200. मोठ्या माणसालाही 150 च्या वर देत नाहीत, आणि तेही थोडे दिवस. हिचं अडीच वर्षं चाललेलं.

अरे, गोळीला काय कळतंय गुडघा कुठला आणि कंबर कुठली? ती रक्तातून सगळीकडे फिरते. शरीरातल्या ज्या प्रोस्टाग्लँडिन नावाच्या रसायनामुळे सूज येते, ठणकतं, ते ती बनू देत नाही, पण जठराचं अस्तर राखायला आणि किडनीला रक्त नीट पोचायलाही तेच लागतं ना! आणि ते "जेवून घेतली की काही होत नाही" म्हणणारे, त्यांना तर मला एकदा समोर बसवायचंय. पोटात काही असलं तरी रक्तातून जो घाव बसायचा तो बसतोच.

आईला दम लागायला लागला. हिमोग्लोबिन कमी निघालं, लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, मग शौचाला काळं व्हायला लागलं तर म्हणाली लोहाने होतं. लोहाने होतं हे खरंच आहे, तिथेच फसलो. अल्सर आतल्या आत रक्त गाळत होता आणि पोट एकदाही दुखलं नाही. बीपी वाढत होतं म्हणून बीपीची गोळी वाढली, ते का वाढतंय (याच गोळ्यांनी!) हे डॉक्टरांनी विचारलं नाही आणि हिने सांगितलं नाही, कारण तिच्या लेखी डब्यातलं ते औषधच नव्हतं. अॅडमिट करताना विचारलं तेव्हाही, "औषध फक्त बीपीचं चालू आहे." तेव्हा हिमोग्लोबिन 6 होतं.

हो, मान्य, पाय मुरगळला आणि दोन दिवस घेतली तर बहुतेकांना काही होत नाही. आणि पॅरासिटामॉलवाल्यांनी हसू नका, तीच सर्दीच्या गोळीतही असते, दिवसाची बेरीज 4 ग्रॅमच्या वर गेली की लिव्हरशी गाठ आहे.

हे सगळं त्या मैत्रिणीला तोंडावर बोलता आलं असतं. नाही बोलले. कारण खरं सांगू? तिला तरी काय बोलायचं, दुखणं घेऊन दिवसभर खुर्चीत बसायचं म्हणजे काय ते मलाही कळतं. आणि आईच्या डब्यातल्या गोळ्या आणायचं कोण? मीच. "दोन पाकिटं जास्तच आणते, सारखं कोण जाणार." माझं वाक्य आहे हे. पाकीट हातात होतं, अख्खं, नावासकट, एकदाही वाचलं नाही.

आता आई गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून दाबते, पाच आकडे मोजते, सोडते. फिजिओने शिकवलंय. दुखणं गेलेलं नाही, जिने अजून कुरकुरतच चढते. मघाशी गोळीचा किस्सा सांगायला फोन केला तर म्हणाली, "थांब, तीन झालेत, मधे बोलू नकोस."