दोन गोळ्या घ्या म्हणे!

"जेनेरिक गोळीत औषध निम्मंच असतं, म्हणून ती स्वस्त. घ्यायचीच असेल तर एकाऐवजी दोन घ्या." नातेवाइकांच्या ग्रुपवर हा मेसेज तीनदा आला, तेव्हा मी सोडून दिला. कळव्याच्या माझ्या मावशीने मात्र तो पाळला.

तिच्या तीन गोळ्यांचं महिन्याचं बिल जड व्हायला लागलं, म्हणून मीच जनऔषधी केंद्रातून, म्हणजे सरकारी योजनेतल्या स्वस्त औषधांच्या दुकानातून, जेनेरिक (ब्रँडऐवजी औषधाच्या मूळ नावाने विकल्या जाणाऱ्या) गोळ्या आणून द्यायला लागलो. कोलेस्टेरॉलची आणि ॲसिडिटीची तिने तशीच ठेवली. बीपीची, अम्लोडिपिन ५, 'महत्त्वाची' म्हणून दुप्पट केली. दहा दिवसांत घोटे सुजले, चप्पल चढेना. तिला वाटलं, ओट्याशी उभं राहून झालं असेल. अम्लोडिपिनचा डोस वाढला की पायांवर सूज येऊ शकते, हे कुठल्याही डॉक्टरला ठाऊक असतं. १० मिलिग्रॅम हा त्याचा दिवसाचा कमाल डोस, आणि तिथवर न्यायचं की नाही हे डॉक्टर ठरवतात, ग्रुप ॲडमिन नाही. नशीब, डॉक्टरांनी आधी विचारलं, "रोज किती घेता?" नाहीतर सुजेसाठी चौथी गोळी सुरू झाली असती. झाली असती बचत!

आणि हे 'निम्मं' आलं कुठून? स्ट्रिपवर ५ मिलिग्रॅम छापलंय तर आत तेवढंच हवं. १९४० चा औषध कायदा ब्रँडला वेगळा आणि जेनेरिकला वेगळा नाही. आपण ज्याला 'कंपनीची गोळी' म्हणतो, तीही बहुतेक वेळा पेटंट संपलेलं तेच औषध असतं, फक्त नाव लावलेलं.

ग्रुपवरचे बाकीचे दावेही बघा. "स्वस्त म्हणजे नकली." केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटना चाचणीत नापास झालेल्या औषधांची यादी दर महिन्याला बॅच नंबरसकट जाहीर करते. ऑगस्ट २०२४ ची यादी काढून बघा. बीपीच्या, ॲसिडिटीच्या, कॅल्शियमच्या चांगल्या नावाजलेल्या ब्रँडच्या गोळ्या तिच्यात होत्या. त्यावर काही कंपन्या म्हणाल्या, या बॅच आमच्या नाहीतच, कुणीतरी नकली बनवल्यात. बरोबरच आहे, खोटी नोट पाचशेची छापतात, दहाची कोण छापतो?

"जेनेरिकमध्ये चिनी पावडर असते." कच्चा माल चीनमधून बराच येतो. महागड्या ब्रँडवाल्यांकडेही येतो. पुढे.

"डॉक्टर कमिशनसाठी महाग लिहितात." इथे मला थोडं गप्प बसावं लागतं. कंपन्यांकडून भेटवस्तू घेऊ नका, असा नियम डॉक्टरांसाठी २००९ पासून आहे. तरी मार्च २०२४ मध्ये कंपन्यांसाठी नवी आचारसंहिता आणावी लागली, ती काही उगाच नाही. पण ब्रँड लिहिणारा प्रत्येक डॉक्टर विकला गेलाय असंही नाही. नुसतं औषधाचं नाव लिहिलं, तर कुठल्या कंपनीची गोळी द्यायची हे मेडिकलवाला ठरवतो. तो अनेकदा त्याला जास्त नफा सुटणारी देतो, आणि तिच्यावरही छापील किंमत भरमसाट असते. म्हणून जेनेरिक मागूनही पैसे वाचले नाहीत, ही तक्रार खरी आहे. डॉक्टरांना चिठ्ठीवर जेनेरिक नाव सक्तीचं करणारे नियम ऑगस्ट २०२३ मध्ये आले आणि तीन आठवड्यांत स्थगित झाले.

मावशीची सूज उतरलीय. डॉक्टरांनी चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत लिहून दिलंय : अम्लोडिपिन ५, रोज एक. 'एक'खाली दोन रेघा.