एसएसआर चार महिन्यांत का गेला? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. एसएसआरची (सॉलिड-स्टेट रिले, म्हणजे हलणारे भाग नसलेला इलेक्ट्रॉनिक स्विच) बाजू घेणारा माझा लेख एकतर्फी आहे, असं तुमचं म्हणणं. तुमच्या भट्टीच्या हीटरवर लावलेला ४० अँपिअरचा एसएसआर चार महिन्यांत गेला, तोही ‘चालू’ अवस्थेत अडकून. जुन्या पॅनेलमधला कॉन्टॅक्टर (चुंबकाने धातूचे कॉन्टॅक्ट जोडणारा-तोडणारा स्विच) मात्र दहा वर्षं बिनतक्रार चालला.

आधी माझी चूक सांगतो. सेमीकंडक्टर स्विच बिघडतो तेव्हा बहुतेक वेळा शॉर्ट होतो. कंट्रोलरने बंद केलं तरी हीटर तापतच राहतो. हे मी लेखात लिहिलंच नव्हतं, आणि भट्टीच्या बाबतीत ही गोष्ट सगळ्यात आधी सांगायला हवी. एसएसआरसोबत सिरीजमध्ये एक कॉन्टॅक्टर हवाच, आणि तापमान जास्त झालं की तो कॉन्टॅक्टर बंद करणारा स्वतंत्र ओव्हर-टेम्परेचर कट-आउट. लेखात ही भर घालतो आहे.

तुलना मात्र मला पटत नाही. तुमचा कॉन्टॅक्टर दिवसातून किती वेळा चालू व्हायचा? वीस वेळा धरले तरी दहा वर्षांत ७३ हजार वेळा. आता पीआयडी कंट्रोलर (तापमान नेमकं राखणारं उपकरण) दर दोन सेकंदांनी हीटर चालू-बंद करतो, म्हणजे दिवसाला ४३,२०० वेळा. पूर्ण लोडवर १ लाख ऑपरेशन्सचं आयुष्य असलेला रिले तिथे तिसऱ्या दिवशी संपेल. १० लाख ऑपरेशन्सचा कॉन्टॅक्टर महिनाभरही पुरणार नाही. कॉन्टॅक्ट उघडताना प्रत्येक वेळी ठिणगी पडते, मिटताना ते किंचित उसळतात, आणि धातू थोडा थोडा जळत जातो. एसएसआरमध्ये झिजायला कॉन्टॅक्टच नाहीत. झीरो-क्रॉसिंग प्रकारात तर व्होल्टेज शून्याजवळ असतानाच तो चालू होतो.

मग तुमचा का गेला? उत्तर तुमच्याच एका वाक्यात असावं: “पॅनेलच्या रंगवलेल्या पत्र्यावर स्क्रूने बसवला होता, लोड २८ अँपिअर.” एसएसआरमध्ये दर अँपिअरमागे साधारण एक ते दीड वॅट उष्णता तयार होते. म्हणजे तळहातावर मावेल एवढ्या डबीत २८ ते ४२ वॅट! एक मिलिओहम रोध असलेल्या चांगल्या कॉन्टॅक्टवर तेवढ्याच करंटला एक वॅटही होत नाही. डबीवर छापलेले ४० अँपिअर योग्य हीटसिंक (उष्णता हवेत सोडणारा धातूचा ठोकळा) आणि थर्मल पेस्ट (दोघांमधली उष्णता वाहून नेणारी पेस्ट) गृहीत धरून असतात. पॅनेलमधली हवा गरम असेल तर त्यातूनही वजावट करावी लागते.

‘बंद म्हणजे पूर्ण बंद नसतं’ हा तुमचा मुद्दा शंभर टक्के बरोबर. आतल्या स्नबरमुळे (व्होल्टेजच्या झटक्यांपासून वाचवणाऱ्या सर्किटमुळे) काही मिलिअँपिअर गळती चालूच राहते. त्यामुळे एसएसआर बंद आहे म्हणून हीटरच्या टर्मिनलला कधीही हात लावू नका. आधी आयसोलेटर (पुरवठा पूर्ण तोडणारा स्विच) पाडा.

ट्रान्सफॉर्मरला हाच एसएसआर चालेल का, असंही विचारलंत. झीरो-क्रॉसिंगचा नको. शून्य व्होल्टेजला जोडल्यावरच ट्रान्सफॉर्मरचा लोखंडी कोअर सॅच्युरेट होऊन (चुंबकत्वाची मर्यादा गाठून) सगळ्यात मोठा इनरश करंट, म्हणजे चालू होतानाचा क्षणिक करंट, येऊ शकतो. तिथे पीक-स्विचिंग प्रकारचा, म्हणजे व्होल्टेज शिखरावर असताना चालू होणारा, घ्या.

नवा एसएसआर हीटसिंकवर बसवलात की तासभर पूर्ण लोडवर चालवा आणि त्याच्या धातूच्या तळाचं तापमान मोजून इथे कळवा. आकडा पाहून हीटसिंक पुरेसा आहे की नाही ते सांगतो.