अवजड यंत्र भर शहरातून नेण्याची सोपी रीत

२०० टनांचा ट्रान्सफॉर्मर शहराच्या या टोकाहून त्या टोकाला न्यायचाय? मग सकाळी साडेनऊचा मुहूर्त गाठा. रात्री रस्ते मोकळे असतात, पण कौतुकाला माणूस नसतो. परवान्यावरची रात्रीची वेळ शोभेसाठी छापतात.

रूट सर्व्हे मोटारसायकलवरून करा. ती कुठल्याही पुलाखालून जाते.

वळणावर खांब आडवा आला तर उपटा.

उंची मोजत बसू नका, पुलाच्या कपाळावर पाटी असतेच. पाटी लागल्यावर खाली डांबराचे थर चढले असतील तर दोष डांबराचा! परवा माझ्या डोळ्यांदेखत असंच एक धूड पुलाखाली अडकलं. अडलं कशाला, तर उचलण्यासाठी वर ठेवलेल्या एका लोखंडी कानाला. चार बोटांचा प्रश्न. केबल उचलायला बांबू घेऊन वर बसवलेला पोरगा तुळई हाताने चाचपून बघत होता. हायड्रॉलिक ट्रेलर फूटभर खाली बसतो म्हणे. पण हा आधीच पार खाली बसवून आणलेला. मागे घ्यावा, तर मागे आम्ही. पुढच्या आणि मागच्या पुलरच्या, म्हणजे ट्रेलर ओढणाऱ्या-ढकलणाऱ्या ट्रकच्या, ड्रायव्हरांमध्ये संवाद शिट्टीवर, तोही एकतर्फी. गर्दीतून सल्ला आला, ‘चाकांची हवा सोडा’. २०० टन अंगावर असताना! पायलट गाडी दिवा फिरवत केव्हाच पुलापलीकडे गेली होती. मी चाकं मोजली. एका ओळीत आठ, अशा सोळा ओळी, म्हणजे १२८. दुसरं करणार काय? दोन तास होते.

ट्रान्सफॉर्मरची बडदास्त मात्र बघण्यासारखी. तेल काढून आत कोरडी हवा भरलेली, आणि वाटेत धक्का बसला तर त्याची नोंद करणारं यंत्र अंगावर. आमच्या मागे एक अ‍ॅम्ब्युलन्स सायरन वाजवून वाजवून शेवटी गप्प झाली, तिची नोंद कुठल्या यंत्रात झाली?

अहो, पायलट गाडीवर लोडच्या उंचीची काठी बांधून आदल्या रात्री एक फेरी मारायला काय झालं होतं? काठी अडली असती, काठी मोडली असती, संपला विषय. एवढाले पुलर आणता, आणि टेप धरायला दोन माणसं मिळत नाहीत तुम्हाला? मूर्खपणा तुमचा, आणि मागे गाड्या घ्यायच्या आम्ही, एकेक करून, अर्धा किलोमीटर. वर हसत हसत सांगता, ‘पाच मिनिटं, साहेब.’ लाज वाटू द्या जरा.