गडद त्वचेसाठीचं पहिलं फाउंडेशन रिहानाचं नव्हे

‘गडद त्वचेसाठी फाउंडेशन गायिका रिहानानेच २०१७ मध्ये पहिल्यांदा आणलं,’ असा मजकूर फिरतोय. तो चुकीचा आहे. अमेरिकेत युनिस जॉन्सन यांच्या फॅशन शोमधल्या कृष्णवर्णीय मॉडेल्स हवी ती छटा मिळत नसल्याने वेगवेगळी फाउंडेशनं एकत्र कालवून चेहऱ्याला लावायच्या. ते पाहूनच १९७३ मध्ये ‘फॅशन फेअर’ सौंदर्यप्रसाधनं बाजारात आली. पुढे १९९४ मध्ये मॉडेल इमान यांनी स्वतःचा ब्रँड काढला. या बायकांची मेहनत अशी पुसून टाकणं मला पटत नाही.

रिहानाच्या ‘फेंटी’ ब्रँडने पहिल्याच दिवशी ४० छटा आणल्या आणि गडद छटा टाळणाऱ्या कंपन्यांना त्या बनवायला भाग पाडलं, हे श्रेय मात्र रिहानाचंच.