भविष्य सांगणारे स्पेल काढून टाकायचे? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

सविस्तर आणि रोखठोक प्रतिक्रियेबद्दल आभार. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. टेबलाभोवती बसून खेळायच्या रोल-प्लेइंग गेममध्ये भविष्य सांगणाऱ्या स्पेलना (जादूच्या मंत्रांना) खरं आणि कामाचं उत्तर द्या, गोलमोल बोलून खेळाडूंच्या तोंडाला पानं पुसू नका, असं मी लेखात म्हटलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं की हे बोलायला सोपं आहे. खरं सांगितलं तर गोष्टीतली हवाच जाते. आयत्या वेळी सुचेल तसा खेळ चालवणाऱ्या गेम मास्टरला पुढचं स्वतःलाच ठाऊक नसतं, तो सांगणार काय? आणि एकदा का स्पेल उपयोगी ठरला की पार्टी, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांची टोळी, प्रत्येक दारापुढे कौल लावत बसते. म्हणून हे स्पेल यादीतूनच खोडावेत.

मधल्या मुद्द्यापासून सुरू करतो, कारण खरं घोडं तिथेच अडलंय. गेम मास्टरला भविष्य माहीत असायची गरजच नाही. आज कोणाच्या मनात काय शिजतंय एवढं माहीत असलं की पुरे. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या २०१४ च्या नियमांत ऑगरी हा शकुन बघायचा स्पेल पुढच्या ३० मिनिटांत करायच्या कृतीपुरताच बोलतो आणि चौथ्या लेव्हलचा डिव्हिनेशन ७ दिवसांच्या आतलं सांगतो. दोन्हींच्या वर्णनात स्पष्ट लिहिलंय की मध्येच कोणी आणखी एखादा स्पेल टाकला, एखादा सोबती वाढला किंवा गमावला, तर त्याने होणारा बदल उत्तरात धरलेला नाही. म्हणजे नियमाच्याच हिशेबाने हे जर-तरचं भविष्य आहे.

तुम्ही वैतागून विचारलंय, "माझ्या क्लेरिकने (देवाच्या बळावर जादू करणाऱ्या पात्राने) 'राणी हे युद्ध जिंकेल का?' असं विचारलं तर मी काय डोंबल सांगू?" युद्ध सात दिवसांत संपणार नसेल तर आधी प्रश्नच छाटून घ्या: या सात दिवसांत राणीच्या सैन्यावर काय वेळ येणार आहे? आता तुमची वही उघडा. समजा तिथे दोनच ओळी आहेत. उत्तरेचा सरदार राणीला घोडदळ देणार आहे, आणि त्याच सरदाराने शत्रूकडून पैसे खाल्लेत. लढाईचा निकाल कुठेच लिहिलेला नाही, आणि नसावाच. तुम्ही म्हणायचं, "उत्तरेला धूळ उठेल, राणी दार उघडेल, घोडे आत येतील आणि निशाण बदलेल." यात काही खोटं नाही, निकालही फुटलेला नाही. पण टेबलावरचं बोलणं कसं पालटतं बघा. सरदाराला वाटेतच गाठायचं? राणीला सावध करायचं? (ती ऐकणार आहे का, हा वेगळाच सीन.) की शत्रूने दिले त्याहून जास्त पैसे मोजायचे?

अट एकच. बोललात ते तिथल्या तिथे लिहून ठेवा, आणि खेळाडूंनी मध्ये हात घातला नाही तर ते तसंच घडू द्या. मागाहून झकास कल्पना सुचली म्हणून सरदाराला गुपचूप इमानदार केलंत, तर त्या टेबलावर पुन्हा कोणी देवाला काही विचारणार नाही. आयत्या वेळी सुचेल तसं चालवणाऱ्यांना तर हे जास्तच सोयीचं पडतं. पुढच्या सेशनची अर्धी तयारी खेळाडूंच्या प्रश्नानेच करून दिलेली असते.

गोष्टीतली हवा जाण्याबद्दल. याच खेळाचं १९८३ चं 'रेव्हनलॉफ्ट' अ‍ॅडव्हेंचर घ्या. त्यात पत्ते काढून भविष्य बघितलं जातं, आणि महत्त्वाच्या वस्तू किल्ल्यात कुठे आहेत, त्यातला खलनायक व्हॅम्पायर कुठे गाठ घेणार, हे त्या पत्त्यांवरून ठरतं. म्हणजे शेवट कोणत्या खोलीत होणार याचा सुगावा खेळाडूंना लवकरच लागतो, आणि तो गेम मास्टरनेही स्वतः ठरवलेला नसतो! तरी तिथपर्यंत जाताना धाकधूक कमी होत नाही. माझ्या मते वाढतेच.

याहून मजेशीर म्हणजे भविष्यविद्येच्या विझार्डला (जादूगार पात्राला) २०१४ च्या नियमांत दुसऱ्या लेव्हलला मिळणारी पोर्टेंट ही क्षमता. लाँग रेस्ट (पात्रांची मोठी विश्रांती) झाली की दोन डी२०, म्हणजे वीस बाजूंचे फासे, टाकायचे आणि आकडे लिहून ठेवायचे. मग दिवसभरात स्वतःच्या किंवा समोर दिसणाऱ्या कोणाच्याही अटॅक (हल्ला), सेव्ह (बचाव) किंवा चेकच्या (एखादी गोष्ट जमते का बघायच्या) फाशाच्या जागी त्यातला आकडा वापरायचा. मात्र समोरच्याचा फासा पडायच्या आत सांगावं लागतं. आमच्या टेबलावर विझार्डला २० आला तर तो खूश होतो, पण ३ आला तर हरखतो. सगळं सेशन तो कागदावरच्या त्या तीनवर बोट ठेवून बसतो, ड्रॅगनच्या सेव्हिंग थ्रोची वाट बघत. तीन येणार हे त्याला पक्कं माहीत आहे. कोणाच्या नशिबी, ते त्याने ठरवायचं. यात गेम मास्टरला एक अक्षर सांगावं लागत नाही, त्यामुळे नवख्यांना मी इथूनच सुरुवात करायला सांगतो.

प्रत्येक दारापुढे ऑगरी, हा प्रश्न २०१४ च्या नियमांनीच सोडवलाय. लाँग रेस्टच्या आत पुन्हा टाकलात तर बेभरवशाचं उत्तर येण्याची शक्यता २५ टक्के, तिसऱ्यांदा ५०, आणि तो फासा गेम मास्टर गुपचूप टाकतो. स्लॉट (स्पेल टाकायचा मोजका कोटा) वाचवायला रिच्युअल, म्हणजे सावकाश विधी, म्हणून केलात तर दहा मिनिटं जास्त जातात. तेवढ्या वेळात पहारेकरी फेरी मारून परत येत नसतील, तर दोष ऑगरीचा नाही.

जुन्या खेळाडूंचा राग मात्र मला समजतो. याच खेळाच्या जुन्या ३.५ आवृत्तीत ऑगरी लागण्याची शक्यता ७० टक्के अधिक कास्टरच्या (स्पेल टाकणाऱ्याच्या) दर लेव्हलला १, जास्तीत जास्त ९०. फासा गुपचूप, आणि नाही लागला तर उत्तर 'काहीच नाही'. खरोखर काही घडणार नसलं तरी उत्तर तेच! असल्या स्पेलला कोण विचारतो?

एका ठिकाणी तुमचं म्हणणं मला पटतं, ते म्हणजे खुनाचं गूढ. नवव्या लेव्हलच्या क्लेरिककडे कम्यून आला की देवाला हो-नाहीचे तीन प्रश्न विचारता येतात, आणि संशयित मोजकेच असले की 'खुनी कोण' हे कोडं जेवणाआधी सुटतं. स्पीक विथ डेडचं तेवढं भय नाही. मेलेल्याला जिवंतपणी ठाऊक होतं तेवढंच तो सांगतो, आणि वार पाठीमागून झाला असेल तर तेही नाही. पण कम्यूनसाठी स्पेल खोडण्यापेक्षा मी गोष्ट बदलतो. आमच्या खेळातल्या जगात न्यायाधीशापुढे देवाची साक्ष चालत नाही, कारण आरोपीचा देव वेगळा असतो आणि तो नेमकं उलट सांगतो. क्लेरिकला पहिल्याच रात्री खुनी कळला होता. तो नगरशेठ निघाला, आणि पार्टी अजून त्याच्याच घरी पाहुणी म्हणून राहून पुरावे शोधते आहे.