घरातली मराठी बंद करू नका

मुलाला ऑटिझम आहे असं कळलं की आमच्या बेळगावात आईबापांना सगळ्यात आधी एक सल्ला मिळतो: घरात एकच भाषा बोला. ती कुठली, तर शाळेची. म्हणजे इंग्लिश, नाहीतर कन्नड. मराठी तेवढी सोडा. कधी डॉक्टर सांगतात, कधी थेरपिस्ट, कधी पलीकडच्या गल्लीतली मावशी. मी लहान मुलांच्या विशेष वर्गावर शिकवते, तीन ते सात वर्षांची मुलं. जूनमध्ये नवीन मुलं आली की दर खेपेला हेच ऐकते. म्हणून आज सविस्तर लिहिते. पटलं नाही तर भांडा, पण आधी वाचा.

या सल्ल्याला आधार नाही. २०१२ साली कॅनडात हॅम्बली आणि फोम्बोन या संशोधकांनी ऑटिझम असलेल्या मुलांचा अभ्यास केला, काही एका भाषेच्या घरांतली, काही दोन भाषांच्या. दोन भाषा ऐकणारी मुलं बोलण्यात जास्त मागे पडलेली दिसली नाहीत. नंतरच्या अभ्यासांचा कलही तोच आहे. आपल्या मुलाला बोलणं उशिरा येतंय ते ऑटिझममुळे. घरात मराठी आणि दारात कन्नड आहे म्हणून नव्हे. तसं असतं तर बेळगावच्या शहापूर-वडगावातलं एकही पोर वेळेवर बोललं नसतं. इथलं सहा वर्षांचं पोर दुकानदाराशी कन्नडमध्ये, शेजारच्या अम्मीशी दखनी उर्दूत आणि आज्जीशी मराठीत हुज्जत घालतं.

आता सल्ला पाळला की घरात काय होतं ते बघा. एक आई मला म्हणाली, "टीचर, घरात इंग्लिशच बोला म्हणून सांगितलेत. आम्हाला कुठलं ओ इंग्लिश?" तिची शाळा खानापूर तालुक्यातली, मराठी माध्यमाची. मुलाशी बोलायला तिच्याकडे इंग्लिश शब्द किती? कम. सिट. ईट. नो. डोन्ट टच. म्हणजे त्या मुलाच्या कानावर दिवसभर नुसते हुकूम. आंघोळ घालताना ती आधी जी बडबड करायची, "आता पाय, आता पोट, अगं बाई साबण गेला की डोळ्यात", ती बंद. रागावणं बंद, लाडानं शिव्या घालणं बंद. आणि आज्जी तर गप्पच झाली. "मग मी बोलायचंच न्हाई काय ओ त्याच्यासंगट?" असं तिनं मला विचारलं, तेव्हा मला खरंच राग आला, पण तो तिच्यावर नव्हता. जे मूल आधीच माणसांकडे कमी वळतं, त्याच्याभोवतीची माणसं आपण सल्ला देऊन मुकी करून टाकतो.

यूट्यूबचं प्रकरण वेगळंच आहे. आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी मुलांना ए टू झेड येतं, शंभरपर्यंत नंबर येतात, ट्रँगल, हेक्सागॉन, पर्पल सगळं येतं. घरचे खूष. "त्याला मराठी कळतच नाही टीचर, त्याचं सगळं इंग्लिशच." पण तहान लागली की तोच मुलगा फ्रीजसमोर उभा राहून रडतो. हेक्सागॉन पाठ आहे, पाणी मागता येत नाही. मी त्या इंग्लिशला नाकं मुरडत नाही. आकड्यांची आवड असेल तर आकड्यांतूनच शिकवते, आणि काही थोड्या मुलांची खरोखर इंग्लिशच आधी मोकळी होते, त्यांच्याशी इंग्लिशच बोलावं. पण ते मुलाकडे बघून ठरवायचं, सरसकट नव्हे.

वर्गात आमच्याकडे मराठी, कन्नड, दखनी अशा तिन्ही घरांतली मुलं एकत्र बसतात. लोक विचारतात, मग शिकवता कुठल्या भाषेत? सुरुवातीला खरं सांगायचं तर फार बोलतच नाही. भिंतीवर प्रत्येकाच्या दिवसाची चित्रं ओळीनं लावलेली असतात, प्रार्थना, खेळ, डबा, झोपाळा, घर. एक काम झालं की मुलानं ते चित्र काढून डबीत टाकायचं. पुढे काय येणार हे डोळ्याला दिसलं की निम्मी रडारड कमी होते. सूचना द्यायची तर दोन-तीन शब्दांची, आणि देऊन झाल्यावर थांबायचं. हे थांबणं मोठ्यांना सगळ्यात जड जातं. मूल ऐकलेलं अजून आत जुळवत असतं, तोवर आपण तेच वाक्य आणखी तीन तऱ्हांनी म्हणून मोकळे.

मागायला शिकवतो चित्राच्या कार्डानं. १९८५ साली अमेरिकेत बाँडी आणि फ्रॉस्ट यांनी बसवलेली ही पद्धत, पेक्स म्हणतात तिला. मुलानं कार्ड उचलायचं, समोरच्याच्या हातात द्यायचं आणि वस्तू मिळवायची. पहिल्या पायरीला दोन मोठी माणसं लागतात. एक समोर, वस्तू घेऊन, आणि एक मुलाच्या मागे, जी हात धरून मदत करते पण तोंडातून अक्षर काढत नाही. कार्ड हातात पडलं की समोरची लगेच शब्द म्हणते. मराठी घरातल्या मुलाला मी "पाणी" म्हणते, कन्नड घरातल्याला वर्गातल्या आमच्या कन्नड बोलणाऱ्या आक्का "नीरु" म्हणतात. ज्या शब्दावर घरी ग्लास भरून मिळतो तोच शब्द वर्गात, एवढंच आमचं भाषाधोरण. कार्डामुळे मूल बोलायचा आळस करेल ही भीतीही काढून टाका, तसं दिसलेलं नाही. उलट कार्ड देता देता काहींचा शब्द फुटतो. विकतची छापील कार्डं मात्र मी कपाटात ठेवलीत. त्यांत बर्गर आणि स्ट्रॉबेरी. आमच्या मुलांच्या डब्यात भाकरी असते, म्हणून भाकरीचाच फोटो, त्याच्याच स्टीलच्या ग्लासाचा फोटो, मोबाईलवर काढून.

(जाता जाता: वडगावातल्या मागवाल्या घरातला एक मुलगा मागाच्या खडखडाटात निवांत झोपतो आणि मिक्सर लागला की कान दाबून किंचाळतो. माग एका लयीत चालतो, मिक्सर न सांगता सुरू होतो. गणपतीतल्या डीजेबद्दल तर बोलायलाच नको.)

मूल्यमापनाचं मात्र बोलावं लागेल. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे, प्रमाणपत्रासाठी ऑटिझम किती आहे ते मोजायची इसा (ISAA) नावाची भारतीय मोजपट्टी आहे. तिच्यात ४० मुद्दे, प्रत्येकाला १ ते ५ गुण. मुलाचं निरीक्षण करायचं आणि घरच्यांना विचारायचं. आता विचारणारे कन्नडमध्ये विचारणार, आणि आईला कन्नड बाजारापुरतं येणार. "आवाजाला घाबरतो काय?" याला ती "हौदु", म्हणजे हो, म्हणते, पण कुठला आवाज, कधी, घाबरला की काय करतो हे सगळं तिच्या पोटातच राहतं. मधे दुभाषी कोण, तर बाहेर बाकावर बसलेलं कुणीतरी. अशा अर्ध्यामुर्ध्या उत्तरांवर मुलाच्या दिव्यांगपणाची टक्केवारी ठरते, आणि ४० टक्क्यांच्या अलीकडे की पलीकडे यावर पुढच्या कितीतरी सवलती.

घटनेचं कलम ३५० अ सांगतं की भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्यानं करावी. हे कलम १९५६ चं, आपण म्हैसूर राज्यात गेलो त्याच वर्षाचं. या कलमावर आपल्याकडे भाषणं कमी झालेली नाहीत. पाट्यांवर भांडणं झाली, परिपत्रकं कुठल्या भाषेत यावीत यावर मोर्चे निघाले, मी स्वतः मोर्चात चाललेय. पण चार वर्षांच्या न बोलणाऱ्या मुलाची तपासणी त्याच्या आईच्या भाषेत व्हावी, ही मागणी मी एकाही निवेदनात वाचलेली नाही. मराठी बाण्याची गोष्ट करणाऱ्यांना हे मूल दिसत नाही, आणि कन्नडचा आग्रह धरणाऱ्यांनाही नाही.

कन्नड नको असं मी कुठेही म्हटलेलं नाही. या मुलांना उद्या इथेच बसनं जायचंय, इथेच दुकानात सुट्टे पैसे मागायचेत. कन्नड लागणारच, आणि ती शिकतात. पाच-सहा शब्द पक्के झाले की "बेकु" (हवं), "बेडा" (नको), "साकु" (पुरे) आमची मराठी मुलं आक्कांकडून आपोआप उचलतात. मराठी काढून त्या जागी कन्नड बसवायची गरज पडत नाही.

तर प्रवेशाला किंवा तपासणीला येताना एवढं करा. मुलाला घरात कळणारे शब्द एका कागदावर लिहून आणा, मराठीतच, जसे घरात म्हणता तसे. "भू", "मम्म", "गाई कर" पण चालतील. तो काय मागतो, कसं मागतो, हात ओढतो की रडतो, तेही लिहा. कशाला चिडतो, कशानं शांत होतो ते लिहा. आज्जी दिवसभर सांभाळत असेल तर तिला सोबत आणा, आत बसू द्या म्हणून सांगा. कागद कन्नडमध्ये करून हवा असेल तर आमच्या शाळेत आणून द्या, दुपारी तीननंतर आक्का लिहून देतात.