पैसे परत, पण त्यांच्याकडेच

पुणे-नागपूर विमान रद्द. होतं असं, राग त्याचा नाहीच. राग आला तो पाठोपाठ आलेल्या मेसेजचा: 'अभिनंदन! आपली रक्कम ट्रॅव्हल क्रेडिट म्हणून जमा झाली आहे.' म्हणजे पुढचं तिकीटही त्यांच्याकडूनच काढायचं. पैसे माझे, गल्ला त्यांचा आणि वर अभिनंदन!

लोहगावला टर्मिनलबाहेरच्या तिकीट खिडकीवर तावातावाने गेलो, तर पुढे एक काका. खिशाला दोन पेनं, काखेत प्लास्टिकची फाइल.

"क्रेडिट घेऊ नका हां," माझ्याकडे न बघताच ते म्हणाले. "क्रेडिट घ्यायचं की पैसे, हे प्रवाशाने ठरवायचं. विमान कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी डीजीसीएचा नियम आहे. क्रेडिट कार्डाने भरलेत? मग सात दिवसांत परत. काय ताई, बरोबर ना?"

खिडकीतली मुलगी म्हणाली, "सर, सिस्टीममध्ये..."

"सिस्टीम कुणाची? आमची?"

रांगेतून कुणीतरी "बरोब्बर!" म्हणालं आणि काकांना चेव चढला. थेट 2020च्या लॉकडाउनवर घसरले. तेव्हाच्या अडकलेल्या तिकिटांबद्दल सुप्रीम कोर्टाचा निकाल, तारीख 1 ऑक्टोबर. क्रेडिट 31 मार्च 2021पर्यंत वापरा, नाहीतर पैसे घ्या. आणि जुलैपासून क्रेडिटवर महिना पाऊण टक्का वाढ! "पाऊण टक्का! वर्षाला नऊ झाले! तुमची बँक देते?" त्यांनी पेन माझ्यावरच रोखलं. नाही देत, मी कबूल केलं.

भारावून विचारलं, "काका, तुमचं कुठलं विमान रद्द झालं?"

"माझं? छे हो! मेहुणीला सोडायला आलो होतो. तिचं गेलं वेळेवर. पार्किंगचे पैसे भरलेत, वेळ उरला होता." घड्याळ बघून काका निघालेसुद्धा.

ते गेल्यागेल्या मुलीला कंठ फुटला. तिकीट ट्रॅव्हल वेबसाइटवरून काढलंय ना, मग तिथेच विचारा. वेबसाइटवाले म्हणाले, विमान कंपनीला विचारा. एजंटाकडून घेतलं तरी पैसे परत करायची जबाबदारी कंपनीचीच, हेही त्याच नियमांत आहे. पण मी सांगितलं की "सर, सिस्टीममध्ये...". फाइल नसलेल्या माणसाला कोण विचारतो! कन्व्हिनियन्स फी तर विसराच, ती परत मिळत नाही म्हणे. तिकीट काढताना माझे पैसे कापायला यांना ओटीपीपुरता वेळ लागतो. परत देताना सात दिवसही पुरत नाहीत.

शेवटी रात्रीच्या ट्रॅव्हल्सने गेलो. विमान रद्द झाल्याची बातमी तिथे माझ्याआधीच पोचली होती. भाडं दुप्पट.